तूर वाळून रायली अन् पुतणीले रोगशास्त्र शिकायचं हाय, दोन्हीवर सल्ला पाहिजे

दारव्हा_बापू (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी. दोन गोष्टी एकाच धाग्यात विचारून रायलो, कारण घरात दोन्ही एकदमच सुरू हायत.

माह्या पुतणीनं औंदा बीएस्सी ॲग्री पुरी केली. आता एमएस्सीले प्लांट पॅथॉलॉजी म्हणजे वनस्पती रोगशास्त्र घेतो म्हणते. घरचे म्हणतात एमपीएससी दे, नाहीतर बँकेच्या परीक्षा दे, झाडाचे रोग शिकून काय भेटणार हाय. पोरगी हट्टाले पेटली हाय अन् भाऊ मले म्हणते तूच समजाव. मी समजावू काय, मलेच त्यातलं काही समजत नाही.

दुसरं, माह्या वावरातली तूर फुलावर आली अन् मधामधात वाळून रायली. एका जागी चार झाडं, मग दहा पावलं सोडून पुन्हा सातआठ. एका कृषी केंद्रात गेलो तर त्यानं तीन बाटल्या काढून ठेवल्या. दुसरा म्हणे पाणी कमी पडलं. शेजारी म्हणते हुमणीनं मूळ खाल्लं. कृषी सहायक म्हणे मर असन, फोटो टाका. चार तोंडं चार गोष्टी. मंग मनात आलं का पोरगी जे शिकतो म्हणते त्या शास्त्राले तरी हे नक्की सांगता येते का? का तेबी अंदाजच?

वरुड_संत्रावाला

बाटल्या घेऊ नका अजून. पयले दोन झाडं मुळासकट उपटा, एक पुरं वाळलेलं अन् एक नुकतंच मान टाकलेलं. बाकी मंग बोलू.

पऱ्हाटी_आर्वी

+1. आमच्याकडं औषध पयले येते अन् रोग कोणता ते मागून कळते.

रोपरोग_अकोला

बापू काका, मी अकोल्याला पंदेकृवित (पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात) हाच विषय शिकतोय, दुसरं वर्ष. म्हणून दोन्हीवर लिहितो, जरा लांबेल.

आधी तूर. फुलावर-शेंगावर असताना झाडं चट्ट्याचट्ट्यानं वाळणं म्हणजे मर असण्याची शक्यता जास्त, पण नुसत्या वर्णनावर मी नाव देणार नाही. वरुडच्या दादांनी सांगितलं तसं उपटा आणि हे बघा. एक, मुळं कुरतडलेली आहेत का. हुमणी असेल तर मुळाची साल खाल्लेली दिसते आणि आजूबाजूची माती खणली की अळी सापडतेच. दोन, खोडावर जमिनीपासून वर चढत गेलेला जांभळट तपकिरी पट्टा आहे का, कधीकधी तो एकाच बाजूला असतो आणि झाडाची तेवढीच बाजू वाळते. तीन, चाकूनं खोड उभं चिरा. साल सोलल्यावर लाकडात काळपट तपकिरी रेघा दिसल्या तर मर. आत लाकूड पांढरं स्वच्छ असेल तर दुसरं काहीतरी आहे आणि आपण परत पहिल्यापासून विचार करायचा.

त्या काळ्या रेघा म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्या. फ्युजॅरियम उडम नावाची बुरशी मातीतून मुळात शिरते, या नळ्यांत वाढते आणि त्या बंद पडतात. म्हणून जमिनीत ओल असूनही झाड तहानेनं मरतं, आणि बघणारा म्हणतो पाणी कमी पडलं. दुसऱ्या दुकानदाराचा अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नाही, लक्षण तेच आहे, कारण वेगळं आहे. ही बुरशी बटलर नावाच्या शास्त्रज्ञानं 1910 साली भारतातच वर्णन करून ठेवली, तो तेव्हा बिहारातल्या पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत होता.

आता 'तेबी अंदाजच का' यावर. नाही. आम्ही त्या रेघांचा नखभर तुकडा घेतो, वरून निर्जंतुक करतो आणि बटाट्याच्या अर्कावर वाढवतो. 200 ग्रॅम बटाटा, 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज, 20 ग्रॅम आगर, एक लिटर पाणी, एवढंच ते माध्यम. चार-पाच दिवसांत पांढरा कापूस येतो, सूक्ष्मदर्शकाखाली विळ्याच्या आकाराचे बीजाणू दिसतात. तेवढ्यावर थांबत नाही. तीच बुरशी कुंडीतल्या निरोगी तुरीला लावायची, तिला तोच रोग आला पाहिजे, आणि त्या रोगी झाडातून पुन्हा तीच बुरशी निघाली पाहिजे. मगच म्हणायचं की कारण हेच. ही रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाची कसोटी, माणसांच्या क्षयरोगासाठी वापरली तीच.

ताईला घेऊ द्या हा विषय. बाकी उद्या लिहितो, लॅब आहे.

एमपीएससी_वाशिम

रोपरोग भाऊ, तुमचं सगळं बरोबर पण पगाराचं कोणी बोलत नाही. मी स्वतः बीएस्सी ॲग्री, बॅचमधले एमएस्सी पीएचडी करून बसलेले बघतोय. विद्यापीठात जागा निघत नाहीत, निघाल्या तर कंत्राटी. कंपनीत गेलं तर टार्गेट घेऊन औषध विकायचं, म्हणजे फिरून कृषी केंद्राच्या काउंटरवरच. बापूंच्या घरचे चुकीचं बोलत नाहीयेत. पोरीनं आधी परीक्षा द्यावी, विषयाची आवड नंतरही जपता येते.

कृषीकेंद्र_चालक

मी दुकानदार, म्हणजे इथं शिव्या खाणाऱ्या पक्षाचा. तरी सांगतो.

माझ्याकडं दिवसभरात जेवढे लोक येतात त्यातले झाड घेऊन येणारे हाताच्या बोटावर. बाकीचे काय म्हणतात, "पिवळं पडून रायलं, काई दे." पेशंट घरी ठेवून डॉक्टरकडं जायचं आणि म्हणायचं दुखते, गोळी द्या. मी विचारलं पानं वरची पिवळी का खालची, शिरा हिरव्या हायत का, तर म्हणतात तुले द्यायचं असन तं दे नाहीतर बाजूच्याकडं जातो. अन् बाजूचा देतो. आम्हालाही शिकायचं असते हो. हैदराबादच्या मॅनेज या कृषी विस्तार संस्थेचा 'देसी' डिप्लोमा असतो दुकानदारांसाठी, वर्षभराचा, मी केला. त्यात पहिल्यांदा कळलं की सोयाबीनच्या पिवळ्या पानाचे किती अर्थ होतात.

दारव्हा_बापू (धागाकर्ते)

मंग सांगा ना कोणते, औंदा आमचंबी पिवळं पडलतं.

कृषीकेंद्र_चालक

शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत नाहीतर पाऊस लागून वावर दबलं की होते, वापसा आला की बऱ्याचदा आपोआप हिरवं होते. खालची जुनी पानं सारखी पिवळी, तर नत्र. पानावर पिवळे हिरवे तुकडे बेढब मिसळलेले, शिरांचा काही नेम नाही, तर पिवळा मोझॅक, तो व्हायरस, पांढऱ्या माशीनं आणलेला. त्याला कोणतंच औषध नाही. माशीला आहे, व्हायरसला नाही. सुरुवातीची झाडं दिसली की उपटून गाडायची, अन् पिवळे चिकट सापळे लावायचे.

यवतमाळ_शेतमजूर

2023 च्या सप्टेंबरात आमच्याकडं सोयाबीन आठ दिवसात पिवळी होऊन वाळली. सारे म्हणत मोझॅक मोझॅक. लोकाईनं बुरशीनाशक मारलं, कीटकनाशक मारलं, टॉनिक मारलं, सारं एकाच पंपात. काही वाचलं नाही. मागून विद्यापीठाचे साहेब आले, त्याईनं झाड उपटून बुडाची साल नखानं खरवडली, आत कोळशाची पूड असल्यासारखे काळे बारीक ठिपके. म्हणे हा मोझॅक नाही, खोडकूज-मूळकूज हाय, काही वावरात दोन्ही हाय.

मी हे काहून लिहून रायलो तर पंप आमच्या पाठीवर असते. 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीनं विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली, ती पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची फवारणी होती. चार औषधं मिसळून मारायची सवय, उंच पऱ्हाटी, तोंडाशी फवारा. ज्या रोगाले औषधच नाही त्याच्यासाठी मजुराच्या अंगावर ईख कायले? पोरीले शिकू द्या बापू. असं एखादं माणूस गावात पाहिजे जे सांगन की बाबा, आज पंप काढू नका.

रोपरोग_अकोला

यवतमाळच्या दादांचा प्रतिसाद आमच्या विभागात प्रिंट काढून लावावा असा आहे. तो काळ्या ठिपक्यांचा रोग चारकोल रॉट, मॅक्रोफोमिना नावाच्या बुरशीचा. ऑगस्टमध्ये पावसाचा मोठा खंड आणि उष्णता असली की त्याचं फावतं, 2023 चा ऑगस्ट तसाच कोरडा गेला होता. हाच जीव हरभऱ्याची कोरडी मूळकुजही करतो.

ॲपवाला_पुसद

एवढं उपटायची काय गरज. मोबाईलचं ॲप आहे, पानाचा फोटो काढा, दोन सेकंदात नाव येतं. मी वर्षभर वापरतोय.

रोपरोग_अकोला

पानावरच्या ठिपक्यांसाठी वापरा की, कामाचं आहे. पण पान ही लक्षण दिसायची जागा, रोग बसलेला असतो मुळात. बापूंच्या तुरीच्या पानाचा फोटो टाकला तर ॲप बिचारं 'पाण्याचा ताण' म्हणेल, आणि त्याला जे दिसलं त्याप्रमाणे ते बरोबरच असेल. मूळ, खोडाचा छेद, जमीन, मागच्या वर्षीचं पीक, पाऊस कधी पडला, हे फोटोत येत नाही.

पऱ्हाटी_आर्वी

यावर मले पऱ्हाटीचं सांगायचंच हाय. ऑगस्ट-सप्टेंबरात पंधरा दिवस उघाड असते, ऊन चटके देते अन् मंग एका रात्री धो धो. दुसऱ्या दिवशी भरगच्च पात्या-बोंडं लागलेली झाडं एकदम मान टाकतात. तेबी सरसकट नाही, मधामधात, अन् जी सगळ्यात जोमाची तीच. पाहणाराचं काळीज हालते. आमच्या गावात याले सारे मरच म्हणतात अन् बुरशीनाशक आणतात.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत झाड नेलं होतं, त्याईनं खोड चिरून दाखोलं. आत पांढरं फट्ट, एक रेघ नाही. बुरशी नाही, जिवाणू नाही, कोणी नाही. ते म्हणाले हे आकस्मिक मर, पॅराविल्ट, झाडाच्या शरीरातला बिघाड. मुळाभोवती एकदम पाणी साचते, मुळाले हवा भेटत नाही, वर पानाईचा अन् बोंडाईचा पसारा मोठा, पाणी ओढणं जमत नाही. इलाज तासांचा हाय, दिवसांचा नाही. पाणी वावराबाहेर काढा, कोबाल्ट क्लोराईड लिटरले 10 मिलिग्रॅम फवारा. नाहीतर युरिया दीडदोनशे ग्रॅम अन् कॉपर ऑक्सिक्लोराईड 25 ग्रॅम दहा लिटरात करून बुडाशी ओता अन् पायानं माती दाबा. त्याच दिवशी केलं तर बरीच उभी होतात, तिसऱ्या दिवशी केलं तर फक्त पैसे गेले.

ॲपवाला_पुसद

बुरशी नाही म्हणता मग कॉपर कशाला?

पऱ्हाटी_आर्वी

मीबी हेच विचारलं होतं. गुदमरलेल्या मुळाले मागून कूज लागते, ती लागू नये म्हणून.

धान_साकोली

आमच्या भंडारा-गोंदियाकडं तूर धुऱ्यापुरती, पण हाच गोंधळ धानात आहे म्हणून लिहितो. रोवणा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत धानाच्या पानावर तांबूस डाग येतात, बांधी वाढत नाही, खुरटी राहते. लोक करपा समजून औषध मारतात. तो खैरा असतो आणि खैरा हा रोगच नाही, जस्ताची कमतरता आहे. हे शोधून काढणारे डॉ. य. ल. नेने, आपल्या मराठी नावाचे माणूस. 1966 साली पंतनगरला त्यांनी हे दाखवून दिलं. आणि हे स्वतः रोगशास्त्रज्ञ बरं का! बुरशी शोधायला नेमलेला माणूस छाती ठोकून सांगतो की इथं बुरशी नाही, जस्त टाका. पुढं तेच हैदराबादजवळ इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत आले आणि तुरीच्या अन् हरभऱ्याच्या रोगांवर आयुष्यभर काम केलं. बापूंनी पुतणीला हे नाव जरूर सांगावं.

आणि कडा करप्यासाठी घरची परीक्षा सांगतो. पानाच्या कडा वरून खाली नागमोडी पिवळ्या पडत वाळल्या की रोगट भागाजवळ पान कात्रीनं कापायचं, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन कापलेलं टोक त्यात धरायचं, हालवायचं नाही, उजेडाकडं करून बघायचं. दोन-चार मिनिटांत टोकातून दुधासारखी बारीक धार पाण्यात उतरताना दिसली की ते जिवाणू. मग बुरशीनाशक आणून फायदा नाही, युरियाचा पुढचा हप्ता थांबवा आणि बांधीतलं पाणी काढा. आमच्या पोराटोरांना हे एवढं आवडलं की गावभर ग्लास घेऊन फिरत होती, दोन ग्लास फुटले, बायकोनं स्टीलचे दिले तर म्हणतात आजी यातून दिसत नाही ना!

मास्तर_निवृत्त

चर्चा उत्तम चालली आहे. विज्ञान शिकवत होतो म्हणून थोडी भर.

1845 साली आयर्लंडात बटाट्यावर करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीनं आणि आजारानं गेली. तेव्हा शहाण्या शहाण्या लोकांचं म्हणणं असं की आधी झाड सडतं आणि सडलं म्हणून त्यावर बुरशी येते. ओलसर हवा, देवाचा कोप, आगगाडीचा धूर, वाट्टेल ती कारणं दिली गेली. 1861 मध्ये जर्मनीच्या अँटोन डी बारीनं प्रयोगानं दाखवलं की उलट आहे, बुरशीमुळे झाड सडतं. तोवर रोगाला उपाय शोधायचा तरी कुठं, हाच प्रश्न होता. कारण कळलं तेव्हापासून हे शास्त्र उभं राहिलं.

आणि संत्रावाले बुरशीसाठी वापरतात त्या बोर्डो मिश्रणाची गोष्ट. फ्रान्समध्ये बोर्डो शहराच्या आसपास रस्त्याकडेची द्राक्षं लोक तोडून खात, म्हणून मळेवाले त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, वेल विषारी दिसावी म्हणून. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की केवडा हा पानावरचा रोग सगळीकडं आहे, या रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या. 1885 साली त्यानं मिश्रण जाहीर केलं. चोरांसाठी केलेली युक्ती आज वरुड-मोर्शीच्या बागेत उभी आहे.

वरुड_संत्रावाला

गुरुजी, चोरांचं आम्हाले माहीत नव्हतं! आमच्याकडं चोर बोर्डो पाहूनबी थांबत नाही 😀

पण बोर्डोवर आलोच तर लिहितोच, कारण लोक तेबी चुकीचं करतात. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक वाहते, साल फाटते, पानं पिवळी पडतात, झाड दोनतीन वर्षं झुरून मरते. हा डिंक्या, फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवाचा. मातीत असते अन् पाण्यासोबत फिरते. म्हणून बुंध्याले पाणी लागता कामा नये, दुहेरी आळं करा, आतलं कोरडं, पाणी बाहेरच्यात. कलमाचा डोळा मातीच्या वर राहिला पाहिजे. लोक माती ओढून डोळा बुजवून टाकतात अन् मंग मलम लावत बसतात.

पेस्ट अशी: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यात भिजवायचे, लोखंडाचं भांडं नाही. मंग दोन्ही एकदम तिसऱ्यात ओतायचं. आता लोखंडी सुरी घासून पुसून त्यात बुडवा. सुरीवर तांबडी झाक आली म्हणजे तांबं मोकळं हाय, झाडाले चटका बसन, चुना वाढवा. सुरी जशीच्या तशी निघाली तर मिश्रण जमलं. त्याच दिवशी वापरायचं. डिंकाची जागा चाकूनं खरवडून, पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं धुवून मंग पेस्ट, जमिनीपासून अडीचतीन फुटापर्यंत, पावसाळ्याच्या आधी एकदा अन् नंतर एकदा.

अन् रोपवाटिकेतूनच रोग घेऊन येऊ नका. स्वस्त कलम पाहून गाडी भरली तर डिंक्या तेवढ्याच भावात भेटते.

दर्यापूर_ताई

सगळे दादा-काका बोलले, आता हरभऱ्याचं मी सांगते. आमचा खारपाणपट्टा, ओलित नाही, हरभरा हेच रब्बीचं पीक. आधी दरवर्षी महिनाभराचं झालं की जळायला लागायचं. आता बचतगटाच्या आम्ही बायका सगळ्यांची बीजप्रक्रिया एकत्र करतो. पालावर बी पसरायचं, थोडं गुळाचं पाणी शिंपडायचं, किलोमागे 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) आणि मग रायझोबियम हे जिवाणू खत, हलक्या हातानं चोळायचं, सालपट निघालं नाही पाहिजे, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. रासायनिक बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लावून सुकवायचं आणि जिवाणू खत शेवटी.

बियाणं जॅकी 9218, मरीला टिकणारं. तरी मार्चच्या तोंडाशी ऊन वाढलं की काही झाडं वाळतातच. ती ओढली की हातात वरचं झाड येतं आणि मूळ तुटून जमिनीत राहतं, कडक वाळलेलं. ती मर नाही, वर रोपरोग दादांनी लिहिलेली कोरडी मूळकूज. आणि पेरल्यावर लगेच बुडाशी पांढरे धागे अन् मोहरीएवढे दाणे दिसले की ती मानकूज. आमच्या गटात सातवी शिकलेल्या बाया आता हे तीन वेगळे सांगतात. त्यामुळं शास्त्र मोठ्या लोकांचं आहे असं कोणी समजू नका.

एमपीएससी_वाशिम

ताई, तुमचा प्रतिसाद भारी आहे. पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केला, सातवी शिकलेल्या बायांना येतं तर एमएस्सी कशाला?

दर्यापूर_ताई

भाऊ, आम्हाला शिकवायला केव्हीकेच्या (कृषी विज्ञान केंद्राच्या) मॅडम आल्या होत्या. त्या एमएस्सी पॅथॉलॉजी आहेत. आणि जॅकी वाण काय आपोआप झाडाला लागलं होतं का, विद्यापीठानं आणि इक्रिसॅटनं मिळून काढलं ते.

रोपरोग_अकोला

ताईंच्या उत्तराला पुस्ती. असं वाण तपासतात कसं ते ऐका. एक शेत मुद्दाम आजारी ठेवतात, त्याला सिक प्लॉट म्हणतात. दरवर्षी त्याच मातीत रोगट झाडांचे अवशेष गाडायचे, मध्येमध्ये हमखास मरणारं वाण पेरायचं. ते मेलं म्हणजे माती पुरेशी आजारी आहे. त्यात शेकडो ओळी पेरून बघायच्या कोण उभं राहतं. वर्षानुवर्षं झाडं मरू द्यायची आणि मोजायची, कंटाळवाणं काम आहे, पण बीएसएमआर 736 सारखं तुरीचं वाण अशाच कामातून हाती येतं.

दारव्हा_बापू (धागाकर्ते)

मंडळी, काल पुतणीलेच घेऊन वावरात गेलो. झाडं उपटली. मुळं सारी शाबूत, हुमणी नाही. खोडावर तो जांभळा पट्टा हाय, दोन झाडाईवर एकाच बाजूनं. चाकूनं चिरलं तर काळ्या रेघा बुडापासून पार फांदीपर्यंत. अजून एक दिसलं, आठदहा झाडं अशी हायत का वाळली नाहीत, हिरवी फिक्कट, बारीक बारीक पानं, झुडुपासारखी झाली अन् त्याले एक फूल नाही. पुतणी म्हणे काका हे वेगळं हाय, पण नाव तिनं सांगतलं नाही, म्हणे धाग्यावर विचारा, मी सांगतलं तं तुम्हाले पटणार नाही.

रोपरोग_अकोला

ताईला ओळखता आलंय, विचारा तिला 🙂 पहिला मर पक्का. दुसरा वांझ रोग. तो व्हायरस, आणि तो पसरवणारा कोळी डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. म्हणजे तुमच्या एका वावरात एक बुरशी आणि एक व्हायरस, दोन वेगळे रोग, आणि त्या तीन बाटल्यांतली एकही दोन्हींवर चालली नसती.

यंदाचं सरळ सांगतो, मेलेली झाडं जगवायला काही नाही. मर झालेली झाडं उपटून वावराबाहेर जाळा, रोटाव्हेटर मारून मातीत मिसळू नका, बुरशी अवशेषांवर तीनेक वर्षं राहते. वांझ झाडंही काढा, नाहीतर कोळी शेजारच्यांवर जाईल. पुढची तीन वर्षं त्या तुकड्यात तूर नको. नंतर घ्याल तेव्हा बीएसएमआर 736 घ्या, ते मर आणि वांझ दोन्हीला तग धरतं. जमीन हलकी असेल आणि लवकर येणारं हवं असेल तर बीडीएन 711 बघा.

पऱ्हाटी_आर्वी

पण माह्या मामानं मरीच्या तुरीले कॉपरची आळवणी केली होती अन् अर्धी तूर वाचली.

रोपरोग_अकोला

दादा, आळवणी न केलेली एखादी तास, म्हणजे ओळ, सोडली होती का त्यांनी? मर सगळ्या झाडांना एकदम येत नाही, वाचलेली अर्धी कदाचित तशीही वाचली असती. नळ्या बंद झालेल्या झाडाला बुडाशी ओतलेलं औषध वर जाणार कसं.

पऱ्हाटी_आर्वी

तास सोडली नव्हती. पण मामाले हे सांगायची माही हिंमत नाही. मी औंदा माह्या वावरात दोन तासं सोडून पाहतो.

मास्तर_निवृत्त

आमच्या लहानपणी तुरीचं वावर असं नव्हतंच. ज्वारीत तुरीच्या ओळी असायच्या. मरीची एवढी ओरड ऐकल्याचं आठवत नाही.

रोपरोग_अकोला

गुरुजी, नेमकं. ज्वारीसोबत घेतलेल्या तुरीत मर कमी राहतो हे इक्रिसॅटच्या प्रयोगांतही दिसलंय. सोयाबीन-तूर, सोयाबीन-हरभरा अशी कडधान्यामागं कडधान्याची साखळी लागली आणि ज्वारी गेली.

यवतमाळ_शेतमजूर

ज्वारी रानडुकरानं नेली साहेब. पेरणारा पेरते, कणीस भरलं का कळप येते. ट्रायकोडर्मा डुकरावर चालत असन तं सांगा.

धान_साकोली

डुकरांचा विषय काढू नका, धागा गोंदियापर्यंत जाईल.

ॲपवाला_पुसद

एक व्यावहारिक प्रश्न. मर पक्का झाला तर बापूंना पीकविमा मिळतो का? 72 तासांत कळवायचं ना?

कृषीकेंद्र_चालक

महाराष्ट्रात 2025 च्या खरिपाच्या आधी 72 तासांचं गारपीट, वावरात पाणी साचणं, ढगफुटी अशा एकट्याच्या वावरातल्या नुकसानीसाठी होतं. रोगराई सगळीकडं पसरून मंडळातलं अपेक्षित उत्पादन नेहमीच्या निम्म्याच्या खाली जाणार असं सर्व्हेत आलं तर तेव्हा हंगामातल्या नुकसानीत बसायचं. एकट्या वावरातल्या मरीसाठी सहसा काही नाही. तेव्हाही रोगाचं नाव नीट लिहिलेलं लागायचंच, 'पिवळे पडले' यावर अहवाल व्हायचा नाही.

केव्हीके_मित्र

उशिरा आलो, पुतणीच्या प्रश्नावर लिहितो, तो मागं पडलाय.

वाशिमच्या भाऊंचं खरं आहे, सरकारी जागा कमी आहेत. पण वाटा तेवढ्याच नाहीत. केव्हीकेत पीक संरक्षणाचा विषय विशेषज्ञ, बियाणे कंपन्यांत वाणांची रोग तपासणी, वनस्पती क्वारंटाईन, टिश्यू कल्चरच्या लॅब. आणि स्वतःचं करायचं असेल तर ॲग्री क्लिनिकची केंद्राची योजना 2002 पासून आहे. 45 दिवसांचं प्रशिक्षण, मग एकट्याला 20 लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला कर्ज, महिलांना 44 टक्के अनुदान, पुरुषांना सर्वसाधारण गटात 36. सूक्ष्मदर्शक, छोटं ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर एवढ्यावर तालुक्याच्या गावी रोगनिदान सुरू होतं, जोडीला ट्रायकोडर्मा बनवून विकता येतो. एमपीएससीच्या कृषी सेवेलाही हा विषय आडवा येत नाही, दोन्ही होऊ शकतं.

नमुना आणणाऱ्यांसाठीही सांगतो, कारण निम्मे नमुने आमच्याकडं कामाच्या बाहेर होऊन येतात. पूर्ण मेलेलं झाड नको, त्यावर नंतर आलेल्या बुरश्या मूळ बुरशीला झाकून टाकतात. नुकतंच आजारी पडलेलं आणा, मुळाभोवतीच्या मातीसकट, खोदून, ओढून नाही. सोबत एक निरोगी झाड आणा. वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाम येऊन सडतं. चिठ्ठीवर वाण, पेरणीची तारीख, मागचं पीक, काय काय फवारलं, पाणी कधी दिलं. काय फवारलं ते लपवू नका, कोणी रागावत नाही.

दारव्हा_बापू (धागाकर्ते)

भावाले हा सारा धागा वाचून दाखोला. तो यवतमाळच्या दादांच्या पोस्टीवर थांबला अन् बराच वेळ काही बोलला नाही, मंग म्हणे भरू दे फॉर्म. एमपीएससीचंबी करन म्हणते पोरगी, वाशिमच्या भाऊंना सांगा. दोन झाडं वर्तमानपत्रात बांधली, सोमवारी केव्हीकेले घेऊन जातो. तुकड्यात औंदा ज्वारीच. डुकराचं पाहू.

एमपीएससी_वाशिम

शुभेच्छा आहेत हो बापू. अभ्यासाची पुस्तकं लागली तर सांगा, माझ्याकडं पडून आहेत.

हळद_वाशिम

इथंच विचारतो, माझ्या हळदीची पानं कडेनं पिवळी पडून सुकतायत, बुंधा ओढला की सहज हातात येतो, वास मारतो. फोटो टाकू का पानाचा?

रोपरोग_अकोला

पानाचा नको. कंद खणा, मधोमध कापा आणि कापलेल्या भागाचा टाका. मऊ पडून पाणी सुटलंय का, आत अळी आहे का तेही लिहा, कंदमाशी आणि कंदकूज बऱ्याचदा जोडीनं असतात. पाणी साचतंय का वावरात? वेगळा धागा काढा, मी येतो तिकडं.